भिंतीशी खेळणाऱ्याला व्हॉलीबॉल येतो, असे मानायचे का?

जुना_बूस्टर

परवा येथे 'खेळखडू' या नावाने लिहिणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी मोठ्या समाधानाने सांगितले की, व्हॉलीबॉलचे गुण देताना ते मुलांचा खेळ पाहतच नाहीत. मुलाने एक मिनिट भिंतीवर चेंडू खेळवायचा, दहा सर्व्हिस करायच्या, वीस पास द्यायचे, आकडे वहीत मांडायचे आणि विषय संपला. 'आकड्याला भाऊबंद नसतात', म्हणजे आकडा ओळखीच्यांना झुकते माप देत नाही, असेही त्यांचे वाक्य होते. त्या वाक्याखाली जमलेली वाहवा पाहून मला राहवले नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी अनेक वर्षे जिल्हा पातळीवर बूस्टर म्हणून खेळलो. बूस्टरचे सारे काम दुसऱ्याने बिघडवलेल्या चेंडूवर चालते. पहिला पास नेटपासून चार मीटर मागे पडला, तर तेथे धावत जाऊन, पाय रोवून, स्मॅशरला, म्हणजे नेटवरून जोरात मारणाऱ्याला, खेळता येईल असा चेंडू उचलून देणे हे त्याचे कौशल्य असते. भिंत मात्र कधीही वाईट पास देत नाही. तुम्ही जसा चेंडू मारता तसाच तो परत येतो, आणि तो कोठे येणार हे मारतानाच कळलेले असते. सर्व्हिस करणाऱ्याचा खांदा पाहून अंदाज बांधणे, दोघांच्या मधला चेंडू कोणी घ्यायचा हे ओरडून सांगणे, फिरतीनंतर, म्हणजे खेळाडूंनी क्रमाने जागा बदलल्यावर, आपली जागा ओळखणे, यांपैकी काहीही त्या एका मिनिटात मोजले जात नाही.

आता ज्या चाचण्यांच्या जोरावर हे शास्त्रीय म्हणून सांगितले जाते, त्यांच्याकडे वळू. बी.पी.एड.च्या, म्हणजे क्रीडाशिक्षकांच्या पदवीच्या, वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाणारी, भिंतीवर चेंडू खेळवण्याची ब्रेडी चाचणी 1945 सालची आहे आणि ती महाविद्यालयीन पुरुषांसाठी तयार केली होती. तिची भिंतीवरील रेषा जमिनीपासून साडेअकरा फुटांवर, म्हणजे सुमारे साडेतीन मीटरवर असते, तर महिलांच्या नेटची उंची 2.24 मीटर आहे. आठवीतील मुलीला त्या रेषेच्या वर चेंडू मारायला लावून आपण तिच्या दंडातील ताकद मोजतो. शिवाय त्या काळी दोन्ही हात जोडून घेतलेला अंडरहँड पास आजच्यासारखा रुळलेला नव्हता. आज सर्व्हिस घेण्याचे बहुतेक काम त्यानेच होते. सर्वांत गमतीचा भाग पुढे आहे. ही चाचणी खरी ठरवताना तिचे आकडे ताडून पाहिले होते ते जाणकार परीक्षकांनी नजरेने दिलेल्या गुणांशी. म्हणजे ज्या नजरेला सर भाऊबंदकीचा दोष देतात, तिचीच साक्ष काढून हा आकडा उभा राहिला आहे.

खेळखडू

आपण आपल्या बूस्टिंगच्या आठवणी लिहिल्या. आता माझे मैदान ऐका. इयत्तेच्या पाच तुकड्या, प्रत्येकीत साठ मुले, पस्तीस मिनिटांचा तास आणि गाठी मारलेले एकच नेट अशी माझी परिस्थिती आहे. सामना लावला की बारा जण आत जातात आणि अठ्ठेचाळीस जण कडेला बसून खडे फेकतात. आत गेलेल्या बारांपैकीही चेंडू फिरतो तो शाळेच्या संघातील चौघांमध्ये. उरलेली मुले फिरतीप्रमाणे जागा बदलत राहतात आणि हाताला चेंडू न लागता बाहेर येतात. अशा मुलाला मी कोणत्या कौशल्याचे गुण द्यावेत, हे आपण सांगावे. भिंतीसमोर उभे राहिल्यावर निदान त्याच्या वाट्याला स्वतःचा चेंडू आणि स्वतःचे एक मिनिट येते.

परीक्षकांच्या नजरेचा आपला मुद्दा चटकदार असला तरी उपयोगाचा नाही. वजनकाटा एकदा प्रमाणित वजनाशी ताडून घेतला की रोज प्रत्येक गिऱ्हाइकापुढे निरीक्षकाला बोलवावे लागत नाही. तसेच, ब्रेडीवर सारे खापर फोडण्याचे कारण नाही. अमेरिकेतील शारीरिक शिक्षण संघटनेच्या 1969 च्या आफर (AAHPER) चाचणीसंचात बारा वर्षांखालील मुलांना वीस फुटांवरून सर्व्हिस करण्याची मुभा दिली आहे. चाचणी रचणाऱ्यांना मुले दिसत होती. ती न वाचणारे शिक्षक दोषी असतील, तर त्यांची खुशाल झडती घ्या.

नजरेने गुण दिले की काय होते, हेही मी पाहिले आहे. संघातील मुलांना पैकीच्या पैकी मिळतात, आणि पालक मुख्याध्यापकांसमोर बसून विचारतात की, आमच्या मुलाला एक गुण कमी कशाचा? त्या वेळी 'त्याचा अंदाज चुकतो' हे उत्तर चालत नाही.

दोन_मुलींची_आई

सर, आकड्याचे उत्तरही चालत नाही, हे मी पालक म्हणून सांगते. केंद्रीय मंडळाच्या बारावीत शारीरिक शिक्षणाच्या प्रात्यक्षिकाचे तीस गुण असतात आणि त्यांतील सात खेळातील कौशल्याचे असतात. माझी थोरली मुलगी शाळेच्या संघात खेळते. पासच्या चाचणीत तिला चेंडू फेकून देण्याचे काम ज्या मुलाकडे होते, त्याने मित्रांना अलगद, हातात पडतील असे चेंडू दिले आणि हिच्या पायांशी टाकले. तिने धावून, वाकून त्यांतले बरेचसे उचलले. परंतु ते आखलेल्या चौकोनात पडले नाहीत, म्हणून वहीत शून्ये लागली. संघाच्या सरावाला कधीही न येणाऱ्या, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर चेंडू बडवणाऱ्या मुलाला तिच्यापेक्षा जास्त गुण मिळाले. आपल्या हिशेबाने साठ मुलांचे वीस-वीस पास म्हणजे बाराशे फेकी होतात. त्या बाराशे फेकी सारख्या पडतात, असे आपण छातीठोकपणे सांगू शकाल का? आपल्या आकड्याला भाऊबंद नसतील, पण चेंडू फेकणाऱ्याला असतात.

कृष्णाकाठ

फेकीचे जाऊ द्या. आमच्याकडे या चाचण्यांनी शूटिंगबॉल खेळणाऱ्या मुलांवर जो अन्याय केला, त्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्या गावात संध्याकाळी शूटिंगबॉलच्या नेटभोवती म्हातारीकोतारी माणसेही जमतात. लहानपणापासून ही मुले मुठी आवळून चेंडू तडकावतात. त्यांची नजर, त्यांचे पाय आणि त्यांची ताकद शहरातील क्लबच्या मुलांना लाजवणारी असते. शाळेत आली की त्यांना बोटांनी ओव्हरहेड पास द्यायला सांगतात आणि पहिल्याच प्रयत्नात 'हात खराब आहेत' म्हणून नापास करतात. माझ्या धाकट्या भावाने भिंतीच्या चाचणीत मुठीने सलग चेंडू मारले, तर सरांनी एकही मोजला नाही. तोच भाऊ सामन्यात मागच्या ओळीतून जमिनीला टेकणारे चेंडू वर काढत होता.

नियमपुस्तक

सरांनी मोजले नाही ते योग्यच केले. शूटिंगबॉल हा वेगळा खेळ आहे, त्याच्या वेगळ्या स्पर्धा होतात, आणि त्यात घडलेला हात व्हॉलीबॉलला मारक ठरतो, हे मी पंचाच्या खुर्चीवरून पाहिले आहे. मुठीने मारलेला चेंडू स्मॅशरच्या हाताच्या टप्प्यात ठेवणे सहसा जमत नाही. कुस्ती येते म्हणून कबड्डीचे गुण मागण्यासारखाच हा प्रकार झाला.

मात्र भिंतीच्या चाचणीवर माझा स्वतंत्र आक्षेप आहे. तेथे डबल टच (एकाच खेळाडूला चेंडू लागोपाठ दोनदा लागणे) आणि होल्डिंग (चेंडू हातात अडकवून धरणे) कोण पाहते? संघाच्या पहिल्या स्पर्शात, एकाच हालचालीत, चेंडू सलग दोनदा लागला तर नियम सवलत देतो. दुसऱ्या स्पर्शात, म्हणजे बूस्टिंगच्या वेळी, तो फाउल ठरतो. भिंतीवर मुले एका तळव्याने ढकललेला आणि दुसऱ्याने सावरलेला चेंडू बिनदिक्कत मोजून घेतात. असे तीस 'पास' वहीत चढलेला मुलगा सामन्यात आला की पंच प्रत्येक चेंडूवर शिट्टी वाजवतो, आणि मग पंच वाईट ठरतो.

कृष्णाकाठ

नाव नियमपुस्तक घेतले म्हणून नियम पाठ असतातच, असे नाही. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू शरीराच्या कोणत्याही भागाने खेळता येतो. मूठ हा शरीराचा भाग आहे की नाही, एवढेच सांगा. फाउल नसलेला स्पर्श मोजायचा नाही, हा अधिकार सरांना कोणी दिला? कुस्तीचा दाखला देऊन खेड्यातल्या मुलांची खिल्ली उडवणे सोपे आहे. खुर्ची मैदानापेक्षा उंच असते, त्याचा हा परिणाम असावा.

नियमपुस्तक

मूठ वैध आहे, हे मी कोठेही नाकारलेले नाही; आपण नीट वाचले असते तर हे दिसले असते. वैध असणे आणि कौशल्याचे असणे यांत फरक आहे. पायाने चेंडू परत पाठवणेही वैध आहे, म्हणून पायाने वीस पास देणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्यायचे का? खेड्याचा प्रश्न मध्येच आणू नये. मी स्वतः तालुक्याच्या शाळेत, शेणाने सारवलेल्या मैदानावर शिकलो आहे.

दोन_मुलींची_आई

दोघांनी आपापली गावे सांगून झाली असतील तर एक विचारते. मुठीचे गुण द्यायचे की बोटांचे, हा वाद तुम्ही गेला तासभर घालता आहात आणि मूळ प्रश्न तेथेच पडून आहे. शिक्षकाने गुण कशाला द्यायचे: हात कसे ठेवले याला, की चेंडू जेथे जायला हवा तेथे गेला याला? हे चाचणीपूर्वी मुलांना सांगितलेले असते तर कृष्णाकाठ यांचा भाऊही भांडला नसता आणि माझी मुलगीही रडली नसती.

जुना_बूस्टर

ताईंनी नेमके विचारले. माझा पर्याय सांगतो, म्हणजे केवळ टीका केल्याचा ठपका नको. अर्ध्या मैदानावर, दोरी थोडी खाली बांधून, तीन-तीन जणांचे सामने लावावेत. सहांऐवजी तिघे असले की चेंडू चुकवून उभे राहायला जागा उरत नाही. प्रशिक्षक सर्व्हिस घेण्याची नोंद शून्य ते तीन अशी करतात: चेंडू सरळ गमावला तर शून्य, कसाबसा वर ठेवला तर एक, बूस्टरला खेळवता आला पण पर्याय कमी उरले तर दोन, आणि तो हवा तसा हातात पडला तर तीन. हीच मोजणी खेळ चालू असताना करावी. हाही आकडाच आहे, सर; फक्त तो समोरच्या माणसाने पाठवलेल्या चेंडूवरचा आहे. कडेला बसून खडे फेकणाऱ्या मुलांच्या हातात वही द्यावी, म्हणजे त्यांनाही काम मिळेल. कृष्णाकाठ यांच्या भावाने मुठीने चेंडू वर काढून बूस्टरच्या हातात दिला, तर त्याला तीन मिळतील आणि कोणालाही पुस्तक उघडावे लागणार नाही.

खेळखडू

म्हणजे भाऊबंदकी माझ्या हातून काढून आपण ती आठवीच्या मुलांच्या हातात देणार. ज्यांनी ताईंच्या मुलीच्या पायांशी चेंडू टाकले, तेच उद्या तिच्या नावापुढे एक आणि मित्राच्या नावापुढे तीन लिहितील. शिवाय ज्याच्यावर समोरच्या संघाने सर्व्हिसच केली नाही, त्याचे काय? तीनच चेंडू वाट्याला आलेल्या आणि बारा चेंडू खेळलेल्या मुलाची तुलना आपण कशी करणार, तेही लिहा.

जुना_बूस्टर

प्रत्येकावर ठरावीक सर्व्हिस टाकायला लावायच्या. सर्व्हिस कोणावर करायची, हे तर सामन्यातही ठरवूनच केले जाते. वही दोघांनी स्वतंत्रपणे भरायची आणि दोन वह्यांत मोठी तफावत दिसली तर तो मुलगा शिक्षकांनी पुन्हा पाहायचा. साठही मुलांना पाहण्यापेक्षा हे काम खचितच कमी आहे.

खेळखडू

दोन वह्या आणि ठरवून टाकलेल्या सर्व्हिस! म्हणजे फिरून फिरून आपणही चाचणीवरच आलात, फक्त भिंतीऐवजी माणूस उभा केलात. तरीही ताईंच्या त्या बाराशे फेकींना माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून पासची चाचणी मी या सत्रात आपल्या पद्धतीने घेऊन पाहीन. भिंत मात्र सोडणार नाही. आपल्या समाधानासाठी मुलींची रेषा साडेअकरा फुटांवरून साडेसात फुटांवर आणतो आणि वेळ तीस सेकंदांचा ठेवतो. शाळकरी मुलींसाठीच्या 1940 च्या रसेल-लँग चाचणीत तेच प्रमाण आहे, आणि ती ब्रेडीपेक्षाही जुनी असल्यामुळे आपल्याला नावे ठेवायला आणखी वाव मिळेल.

नियमपुस्तक

रेषा खाली आणा किंवा वर न्या, डबल टच मोजणार की नाही, ते आधी सांगा.

कृष्णाकाठ

आणि मूठ?