गोव्याची ८.५ टक्के बेरोजगारी: कौशल्य कमी की सरकारी नोकरीची वाट?

मांडवीकाठ
केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत (पीएलएफएस) २०२३-२४ साली गोव्याचा बेरोजगारी दर ८.५ टक्के, देशाचा ३.२. आकडा आला की ठरलेलं वाक्य येतंच: पोरांकडे पदवी आहे, कौशल्य नाही. मला हे पटत नाही. इथली बेरोजगारी बरीचशी रांगेत उभं राहण्याची आहे. सरकारी पदाचा पगार आणि खाजगी कंत्राटी पगार यांत मोठी दरी असली, घरी दोन वेळचं जेवण असलं, की पदवीधर परीक्षा देत थांबतो. कौशल्याचे वर्ग वाढवून ही रांग कशी आटणार?

फोंडा_फिटर
अर्धंच खरं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यांचं बघा. रसायनशास्त्राच्या बीएस्सीला एचपीएलसीची, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची, आकृती काढता येते. पण मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण) गाळून घेणं, त्यातली हवा काढणं, कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) बदलणं आणि नोंद त्याच क्षणी करणं, हे हातात नसतं. पंपात बुडबुडा राहिला की दाब वरखाली होतो, आलेखावर घटकाचं शिखर (पीक) दिसण्याची वेळ सरकते आणि बॅच तपासणीत अडकते. हे फळ्यावर शिकवून येत नाही. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा त्यासाठीच आहे: ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात.

मांडवीकाठ
घेतात की! पण भत्ता मिळणारा शिकाऊ पाहणीत ‘नियमित पगारी’ या रकान्यात जातो. मुदत संपली की तो घरी, त्याच जागेवर पुढची तुकडी. आकडा सुधारला, नोकरी कुठे आहे?

आकडेमोड_डिचोली
भांडण्याआधी आकडा कसा बनतो ते पाहा. घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी हात लावणारा पदवीधर पाहणीत ‘रोजगारात’ धरला जातो. शेतीप्रधान राज्यांत असे पुष्कळ, म्हणून तिथला दर खाली दिसतो. गोव्यात तो आडोसा कमी, त्यामुळे वाट पाहणारा उघडा पडतो. दुसरं, सहा महिने किंवा जास्त बाहेर असलेला माणूस कुटुंबात मोजत नाहीत. लांब करारावर गेलेला तारवटी (जहाजावरचा खलाशी) कमावतो, पण दराच्या भाजकात येत नाही. तिसरं, राज्य लहान, नमुना लहान, म्हणून आकडा योगायोगानेही हलतो. २०२२-२३ चे ९.७ आणि पुढचे ८.५ यांवरून ‘सुधारणा झाली’ म्हणणं धाडसाचं.

आयटीआयच्या ‘८० टक्के नोकरीला’ छापाच्या दाव्यांचंही तेच. समजा १०० जण बाहेर पडले, फोन ४० जणांनी उचलला, त्यातले ३२ कामावर. दावा ८० टक्के, खात्री ३२ जणांचीच. काम नसलेला फोन टाळतो, म्हणून चूक एकाच बाजूला झुकते. सहा आणि अठरा महिन्यांनी विचारा, न सापडलेल्यांचा छोटा नमुना काढून घरी जा, आणि ट्रेडमध्येच काम आहे का हे वेगळं नोंदवा. फिटर झालेला डिलिव्हरी करत असेल तर तो प्रशिक्षणाचा निकाल नव्हे.

पेडणेकडचा
पण मुळात पदवी म्हणजे शिक्का. अर्थशास्त्रज्ञ मायकल स्पेन्सने १९७३ मध्येच मांडलंय: मालक ज्ञान विकत घेत नाही, चाळणी विकत घेतो.

आकडेमोड_डिचोली
ते तपासता येतं. शेवटच्या परीक्षेत काठावर पास आणि काठावर नापास यांची कुवत जवळपास सारखी, फरक फक्त कागदाचा. टेक्सासमधल्या शालान्त प्रमाणपत्रावर असं तपासलं (क्लार्क आणि मार्टोरेल, २०१४), तेव्हा कमाईत कागदाचा फारसा परिणाम सापडला नाही.

मांडवीकाठ
टेक्सासचा मालक माणूस पारखून पगार ठरवू शकतो. इथे जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त पदवी’ लिहिली की काठावर नापास झालेल्याचा अर्जच बाद. तिथे कागद हीच पात्रता. अभ्यास करायचाच तर खाजगी आणि सरकारी भरती एका समीकरणात कोंबू नका.

फोंडा_फिटर
हे मान्य. पण वेर्ण्याचा मालक अजून बाहेरून माणूस आणतो, त्याचं उत्तर रांगेत नाही सापडत.

मांडवीकाठ
सापडतं. तो कुठल्या पगारावर आणतो ते आधी सांगा.