बुद्धिबळात बी३ खेळून १७ चालींत हार: दोष ओपनिंगचा (सुरुवातीच्या चालींचा) का?

प्रश्न: बेलग्रेड, १९७०. सोव्हिएत संघ विरुद्ध शेष विश्व सामना, पहिला पट. पांढऱ्याकडून डेन्मार्कच्या लार्सनने पहिल्याच चालीला बी३ (बी-प्यादं एक घर पुढे) खेळलं आणि काळ्याकडून तेव्हाचा विश्वविजेता स्पास्कीने १७ चालींत गुंडाळलं. मीही स्पर्धांत बी३च खेळतो, म्हणून विचारतोय.

उत्तर: बी३ला कशाला बोल लावता? चौथ्या चालीला पांढऱ्याचा घोडा एफ३वर आला, काळ्याच्या ई४ प्याद्याने हुसकावला, डी४वरून सी६वर जाऊन मारला गेला. एकच घोडा नाचवण्यात वेळ गेला. दहावी चाल एफ४ तर बघवत नाही. राजा अजून मध्येच!

दुसरं उत्तर: आणि काळ्याची १४वी चाल? हत्ती एच१वर फुकट, का तर जी-प्यादं पुढे सरकावं! अहाहा. तुम्ही तिसऱ्या चालीला सी४ऐवजी ई३ खेळा.

प्रश्नकर्ता: त्यावर काळ्याचं डी५ आलं तर?

दुसरं उत्तर: उंट बी५. ई५चं प्यादं राखणाऱ्या सी६च्या घोड्यावर हल्ला, म्हणजे त्या प्याद्यावर लगेच दाब.