थकवा केवळ बसून राहण्याचा नाही
ऑनलाइन वर्गाचा थकवा एका जागी बसून राहण्यामुळे येतो, हे म्हणणे मला अर्धेच पटते. प्रत्यक्ष वर्गातही मुले तासन्‌तास बाकावर बसतातच. फरक डोळ्यांच्या कामात आहे. वर्गात नजर फळ्यावरून वहीवर आणि वहीवरून पुन्हा फळ्यावर जाते, त्यामुळे जवळचे पाहताना आखडणाऱ्या डोळ्यातील स्नायूला मधूनमधून विसावा मिळतो. पडद्यासमोर तो मिळत नाही, शिवाय पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात. माझी मुलगी तास संपला की मुठींनी डोळे चोळत असे आणि मी ती झोप समजत होते, याचे आजही वाईट वाटते. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे पाहण्याची सवय लावल्यावर ते चोळणे बरेच थांबले. पाठदुखी मात्र राहिली, आणि तेथे एका जागी बसून राहण्याचे म्हणणेच खरे आहे.