स्क्रम मास्टर 'टीमची आई' असेल, तर आम्ही पोरके बरे

खडकवासलेकर
परवा इथे एका ताईंनी लिहिलं की स्क्रम मास्टर (स्क्रम पद्धतीने सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमच्या बैठका आणि अडचणी सांभाळणारा माणूस) म्हणजे टीमची आई, आणि ती नसली की टीम विस्कटते. खाली बदामांचा सडा. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

एकोणीस वर्षं कोड लिहितोय. आमची 'आई' रोज साडेदहाच्या बैठकीत जिराचा बोर्ड (कोणाचं काम कुठवर आलं ते दाखवणारा तक्ता) शेअर करते आणि शाळेतल्या हजेरीसारखी नावं पुकारते. जो तो तिला उत्तर देतो, शेजारच्याला नाही. मागे एकदा मी मुद्दाम सलग चार दिवस एकच वाक्य म्हटलं, "काल लॉगिन, आज लॉगिन, ब्लॉकर नाही." (ब्लॉकर म्हणजे काम अडवणारी गोष्ट.) कुणाला पत्ताही लागला नाही. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम हा, आमच्याकडे चाळीसच्या आत कधी आटोपत नाही.

स्क्रमचे नियम सांगणारी 'स्क्रम गाइड' उघडा. डेली स्क्रम, म्हणजे हीच रोजची बैठक, डेव्हलपर्ससाठी आहे. "काल काय, आज काय, अडचण काय" हे तीन प्रश्नसुद्धा 2020 च्या आवृत्तीत काढून टाकलेत. 'रोल' हा शब्दही गेला, उत्तरदायित्व आलं. मग याच एका कामासाठी पूर्ण वेळ पगारी माणूस कशाला? आळीपाळीने आम्ही करू की.

अनुजा_बी
त्या ताई मीच. 'आई' शब्द चुकला असेल, मान्य. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

मागच्या प्रोजेक्टला पेमेंटच्या टेस्ट सर्व्हरचा पोर्ट उघडून मिळत नव्हता. अकरा दिवस! तिकीट या टीमकडून त्या टीमकडे. आठ डेव्हलपर रोज "वेटिंग" म्हणायचे आणि कॅमेरा बंद. शेवटी मी तळमजल्यावर नेटवर्कवाल्यांच्या टेबलाला खुर्ची लावून बसले, डबाही तिथेच खाल्ला. चारला पोर्ट उघडला. आळीपाळीने करू म्हणता ना? त्या अकरा दिवसांत पाळी कुणाची होती?

आणि हजेरीबद्दल. ती मला हवी असते असं वाटतं तुम्हाला? कॉलवर डिलिव्हरी मॅनेजर बसलेले असतात. त्यांना आकडा हवा असतो, शिव्या मला पडतात. वर मिनिट्स लिहा, वाढदिवसाचा केक मागवा. तेवढं मात्र कुणी आळीपाळीने मागत नाही.

गजाभाऊ_क्यूए
दोघांचं चालू द्या. गाइडमध्ये टेस्टर वेगळा नाहीच, सगळे डेव्हलपर. वाचून ऊर भरून आला. मग गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता "माझ्याकडून डन" म्हणून स्टोरी (कामाचा तुकडा) आम्हा टेस्टरांशिवाय कुणाच्या अंगावर टाकतात? शुक्रवारी रात्री शेवटच्या कॅबने कोण जातं? आणि रेट्रोमध्ये (काय चुकलं ते बघायच्या बैठकीत) "टेस्टिंगमुळे स्पिलओव्हर", म्हणजे काम पुढे ढकललं गेलं, असा पिवळा कागद कुणाच्या नावाने लागतो?

खडकवासलेकर
गजाभाऊ, तुमचं दुःख वेगळं आहे, त्याला वेगळा धागा काढा.

गजाभाऊ_क्यूए
बघा. इथेही स्पिलओव्हर.

तळावरचा
स्टँडअप, म्हणजे ही रोजची बैठक, कशी असावी ते माउलींच्या पालखीत बघा. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ असतो. चोपदाराने चोप वर केला की क्षणात शांत. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो. हरवल्या-सापडल्याचं सांगतात, उद्या कधी निघायचं ते सांगतात, आरती होते, संपलं. ज्याला अडचण नाही तो गप्प. हजारो माणसं आणि हजेरी नाही.

सासवडची_मावशी
दोनदा तळावर उभं राहून पाहिलंय. अंगावर काटा येतो.

चिकित्सक
अहो, कुठल्या कुठे नेताय! रथापुढे 27 दिंड्या, कोण कुणाच्या मागे तेही ठरलेलं. मानकरी ठरलेले. घडी बसवली हैबतबाबा आरफळकरांनी, ते शिंद्यांच्या दरबारातले सरदार, त्यामुळे शिस्त लष्करी. मुक्काम ठरलेले, रिंगणाच्या जागा ठरलेल्या आणि आषाढी एकादशी एक दिवसही पुढे सरकत नाही. हा शंभर टक्के वॉटरफॉल आहे, म्हणजे सगळं आधीच ठरवून टप्प्याटप्प्याने करायची जुनी पद्धत. वारी चालते कारण कुठे जायचं याबद्दल कुणाला शंका नाही. आमच्याकडे तीन पीओ (काय बनवायचं ते ठरवणारे प्रॉडक्ट ओनर) आहेत. एक पंढरपूर म्हणतो, दुसरा तुळजापूर, तिसरा म्हणतो आधी जेजुरी करून दाखवा.

तळावरचा
वारीला वॉटरफॉल म्हणायची हिंमत एसीत बसूनच होते. दिवे घाट एकदा चढून बघा.

चिकित्सक
आळंदी ते पुणे आयटी दिंडीत तीनदा चाललोय. दिवे घाट नाही, कबूल. पण पायाला फोड आले म्हणून मुद्दा बदलत नाही.

सासवडची_मावशी
फोडावर सुई-दोरा ओवून पाणी काढायचं आणि दोरा तसाच ठेवायचा. आमच्या दिंडीत असंच करतात.

डॉक्टरीण
कृपया असलं काही करू नका, जंतुसंसर्ग होतो.

खडकवासलेकर
धागा स्क्रम मास्टरवर आहे!! फोडांवर पंधरा प्रतिसाद आणि माझ्या प्रश्नाला एक!

अनुजा_बी
एक उत्तर दिलं होतं, तळमजल्यावरचं. ते सोयीस्कर गाळलंत.

खडकवासलेकर
गाळलं नाही, गिळलं. ठीक आहे, पोर्ट उघडून आणणाऱ्या बाईंना माझा विरोध नाही. अशी स्क्रम मास्टर मला एकोणीस वर्षांत एकदाच मिळाली आणि तिला सहा महिन्यांत 'बिलेबल नाही', म्हणजे तिच्या कामाचे पैसे क्लायंटकडून घेता येत नाहीत, म्हणून काढलं. पण मग स्वतःला आई म्हणू नका, चोपदार म्हणा. आणि मॅनेजरांना कॉलवरून उठवा. ती अडचण दूर करणंही तुमचंच काम, नाही का?

अनुजा_बी
उठवते. तुम्ही चार दिवस खोटं "ब्लॉकर नाही" म्हणायचं थांबवा. ब्लॉकर नव्हता तर लॉगिन चार दिवस का रखडलं होतं?

खडकवासलेकर
एपीआयचं डॉक्युमेंट आलं नव्हतं.

अनुजा_बी
आणि हे तुम्ही कुणाला सांगितलंत?

तळावरचा
टाळ वाजवला नाही यांनी.

गजाभाऊ_क्यूए
टाळ कुठे चांगले मिळतात तेवढं सांगा. गुरुवारी सहाच्या आत हवेत.

सासवडची_मावशी
आळंदीत, देवळाकडे जाताना. जड बघून घ्या, हलके लवकर चिरतात.