आपल्या पंपाचं गाणं आलंय

[शनिवार, सकाळी ७:५२] सेक्रेटरी: सर्व सभासदांना कळविण्यात येते की आज टँकर येणार नाही. पाणी जपून वापरावे.

[८:०४] ७०१: नमस्कार मंडळी. माझं नवीन रिलीज काल रात्री आलं. ऑरगॅनिक हाऊस आहे. मूळ ट्रॅक, त्याचं एक्स्टेंडेड मिक्स आणि दोन रीमिक्स. यातले बरेच आवाज आपल्याच बिल्डिंगमधले, म्हणून इथे टाकतोय. ४०३ काकूंचा कुकर, आप्पांचा मृदंग, मागच्या आंब्यावरची कोकीळ आणि तळमजल्यावरचा पाण्याचा पंप. कृपया हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर येतच नाहीत.

[८:०९] २०२ काकू: मला एक जुडी मेथी, अर्धा किलो भेंडी.

[८:१०] ७०१: काकू, भाजीचा ग्रुप वेगळा 🙏

[८:१२] २०२ काकू: ऑरगॅनिक वाचलं रे, पुढचं वाचलंच नाही.

[८:३१] ४०३ काकू: माझा कुकर??

[८:३३] ७०१: एप्रिलमध्ये जिन्यात माईक घेऊन बसलो होतो, आठवतंय? तुम्हाला विचारलं होतं.

[८:३४] ४०३ काकू: मला वाटलं कॉलेजचं काहीतरी असेल. बरं, ऐकलं. माझ्या वरणाला तीन शिट्ट्या होतात. गाण्यात चार आहेत.

[८:३६] ७०१: चारच्या हिशोबात बसवायला तिसरी पुन्हा वापरली.

[८:३७] ४०३ काकू: चार शिट्ट्यांत डाळीचा गाळ होतो. पुढच्या वेळी मसूर लावते, मग बसव.

[८:५५] ६०२: कौतुक आहे, पण पहिला सव्वा मिनिट नुसतं ठक ठक ठक. माझ्या फोनमध्येच बिघाड आहे असं वाटलं.

[८:५९] ७०१: तुम्ही एक्स्टेंडेड मिक्स लावलंय काका. ते डीजेसाठी असतं. आधीचं गाणं संपत असताना पुढच्याचे ठोके त्याच्यावर बसवायचे असतात, म्हणून सुरुवात आणि शेवट मोकळा ठेवतात. घरी ऐकायला पहिला ट्रॅक लावा, तो चार मिनिटांत संपतो.

[९:०२] ६०२: आणि ‘हाऊस’ म्हणजे काय, आपलं घर?

[९:०६] ५०४: नाही हो, नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार. शिकागोत वेअरहाऊस नावाचा क्लब होता, १९७७ला सुरू झालेला. तिथे फ्रँकी नकल्स रेकॉर्ड्स लावायचा. लोक दुकानात जाऊन ‘वेअरहाऊसमध्ये वाजतं ते’ मागायचे, त्याचं तोडून हाऊस झालं, असं सांगतात. हा ऑरगॅनिक प्रकार बराच अलीकडचा. त्यात वेग थोडा कमी आणि खरी वाद्यं, पक्षी, पाणी असलं जास्त. बीटपोर्ट नावाचं डीजे लोकांचं ऑनलाइन दुकान आहे, त्यांनी २०२०मध्ये याचा वेगळा कप्पा केला.

[९:११] ६०२: लॅपटॉपवर बटणं दाबायची आणि त्याला संगीत म्हणायचं. चालू द्या.

[९:२०] ५०४: काका, तुमच्यासाठी एक गोष्ट. चरणजीत सिंग नावाचे वादक मुंबईत हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे. त्यांनी १९८२मध्ये रोलँड या जपानी कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रं घेतली (८०८, ३०३ आणि ज्युपिटर ८) आणि भैरव, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एचएमव्हीकडून रेकॉर्ड काढली. कोणी विचारलं नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच ३०३च्या आवाजावर अ‍ॅसिड हाऊस हा हाऊसचाच एक प्रकार उभा राहिला. २०१०मध्ये नेदरलँड्समधून ती रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा जगाने कान टवकारले. बटणंच दाबली होती त्यांनीही.

[९:२२] ६०२: पाठवा. ऐकतो.

[९:४०] १०२ आप्पा: बाळा, मी चष्मा शोधून मग ऐकलं. मृदंग छान लागलाय. पण माझी लय चढते तो भाग कुठे गेला?

[९:४३] ७०१: आप्पा, रागावू नका. तुम्ही भजनात वाजवता तसं वाजवलंत, शेवटाकडे लय आपोआप चढत गेली. माझा ट्रॅक मिनिटाला ११८ ठोक्यांवर बांधलेला, तो जागचा हलत नाही. म्हणून सुरुवातीची ठाय लयीतली आवर्तनं घेतली आणि पुढचं काढलं.

[९:४७] १०२ आप्पा: लय चढली नाही तर गजर कसला. कळलं मला, पण सांगून ठेवतो.

[९:५१] ७०१: म्हणून तर दुसरा रीमिक्स ऐका. नागपूरच्या मित्राला मी सगळे आवाज सुटे दिले होते. त्याने तुमचा चढणारा भागच उचलला आणि शेवटच्या दोन मिनिटांत यंत्राचा वेग तुमच्या मागे न्यायला लावला. डीजेंच्या दृष्टीने हे गाणं निरुपयोगी, कारण पुढचं गाणं जुळवायचं कशाशी? पण मला चौघांत तोच आवडतो.

[९:५८] १०२ आप्पा: ऐकतोय. शाबास त्या पोराची. कहरव्याच्या आठ मात्रा त्या ठक ठकवर बरोबर दोन फेऱ्यांत बसतात. रूपकाच्या सात घेऊन बघा म्हणावं, मग मजा.

[१०:०३] ४०३ काकू: त्यात माझा कुकर नाहीच!

[१०:०४] ७०१: त्याने काढला.

[१०:०४] ४०३ काकू: न विचारता?

[१०:१०] ७०१: रीमिक्स म्हणजे तेच काकू. प्रत्येक आवाजाची वेगळी फाइल द्यायची, त्याला स्टेम्स म्हणतात. समोरचा काय ठेवेल आणि काय टाकेल ते त्याच्यावर सोडायचं.

[१०:१२] ४०३ काकू: म्हणजे फोडणी, भाजी आणि खोबरं वेगवेगळ्या डब्यांत देऊन म्हणायचं, तुझ्या पद्धतीने कर. आणि त्याने खोबरंच नाही घातलं.

[१०:१३] ७०१: याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

[१०:१९] ५०४: काढून टाकणं हीच यातली मूळ कला. जमैकात किंग टबी होता, विजेची उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. सत्तरच्या दशकात तो तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढायचा आणि नुसता बेस आणि ड्रम घुमवत ठेवायचा. डब म्हणतात त्याला. आजच्या रीमिक्सच्या घराण्यात तो आजोबांच्या जागी.

[१०:२४] २०२ काकू: पहिल्या रीमिक्समध्ये सनई आहे ना? लग्नघर वाटतंय.

[१०:२७] ७०१: दुदुक आहे. आर्मेनियाचं वाद्य, जर्दाळूच्या लाकडाचं. तो रीमिक्स माझ्या ऑनलाइन ओळखीतल्या एकाने केला.

[१०:३१] ५०४: स्पष्ट बोलू का? मला ते दुदुक खटकलं. या प्रकारात हल्ली सगळीकडे तेच दुदुक, तेच ऊद (अरबी तंतुवाद्य), तीच बासरी, आणि बरेचदा ती विकत मिळणाऱ्या सॅम्पल पॅकमधली, म्हणजे तयार आवाजांच्या संचातली असते. वाळवंट, सूर्यास्त, उंट. तुझ्या मूळ ट्रॅकमध्ये कुकर आहे, तो दुसऱ्या कोणाकडे नाही.

[१०:३३] ४०३ काकू: 👏👏👏

[१०:३५] ७०१: मान्य. मलाही पाठवल्यावर तसंच वाटलं होतं, पण त्याचा बेस फार सुंदर आहे.

[१०:४८] ३०१ काका: तो सुरुवातीपासून मागे घुमणारा आवाज पंपाचा ना?

[१०:५३] ७०१: हो काका. मोटरचा हम, म्हणजे तो घुमणारा आवाज, शंभर हर्ट्झच्या आसपास येतो. पाश्चात्य संगीतातला जवळचा स्वर जी, म्हणून अख्खा ट्रॅक जी वर बांधला. पंप अगदी किंचित चढा आहे, तेवढा उतरवून घेतला.

[१०:५५] १०२ आप्पा: म्हणजे पांढरी पाच. आपला पंप बायकांच्या पट्टीत गातो.

[१०:५८] ३०१ काका: वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे हम दुप्पट, शंभर. बरोबर आहे. पण मी दुसऱ्याच गोष्टीबद्दल विचारतोय. पहिल्या रीमिक्समध्ये २:४० ला खालचा आवाज अचानक गायब होतो आणि नुसती बारीक करकर राहते. ती काय?

[११:०१] ७०१: तिथे त्याने फिल्टर लावून खालचे सूर कापलेत. परत बेस आला की अंगावर यावा म्हणून. राहिलंय ते पंपाच्याच रेकॉर्डिंगमधलं वरचं. त्याला ते टेक्श्चर म्हणून आवडलं.

[११:०२] ३०१ काका: टेक्श्चर नाही, बेअरिंग आहे.

[११:०२] सेक्रेटरी: ?

[११:०८] ३०१ काका: मोटरच्या कारखान्यात तीस वर्षं काढली मी. बेअरिंग सुकलं की असं दाणेदार वाजतं. पंपाजवळ उभं राहिलं तर हमखाली दबून जातं, त्यामुळे आपल्याला कधी कळलं नाही. या पोराच्या मित्राने हम काढून टाकला म्हणून उघडं पडलं. आणि हे एप्रिलचं रेकॉर्डिंग. आता आणखी वाढलं असेल. मोटर जाम होऊन वाइंडिंग जळालं तर खर्च कुठल्या कुठे जाईल.

[११:१५] सेक्रेटरी: मी आत्ता पंपरूममध्ये स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून उभा आहे. येतोय आवाज.

[११:१६] ५०४: हे पहिलंच रीमिक्स असेल ज्याने मेंटेनन्सचा खर्च वाचवला.

[११:१७] ६०२: दुदुक माफ.

[११:२९] सेक्रेटरी: मिस्त्रीशी बोललो. उद्या सकाळी बेअरिंग बदलणार. ११ ते १ पाणी बंद राहील. कोजागिरीला गच्चीवर हे गाणं लावायची सूचना आली आहे. हरकत नाही, पण रात्री १०च्या आत. नंतर दूध प्यावे.

[११:३१] १०२ आप्पा: नागपूरवाला लावा.

[११:३४] ७०१: सेक्रेटरी काका, मिस्त्री यायच्या आधी मला पंपरूमची किल्ली दहा मिनिटं मिळेल का? नवीन बेअरिंग बसलं की हा आवाज परत मिळणार नाही.

[११:३६] सेक्रेटरी: साडेदहाला या. वॉचमनकडे ठेवतो.

[११:३७] ४०३ काकू: आणि येताना वर ये. मसूर लावतेय.