रविवार कॉन्स्टंटाइनच्या आधीचाच

कुणीतरी म्हटलंय की शनिवारचा शब्बाथ (काम थांबवून पाळायचा पवित्र विश्रांतीचा दिवस) मोडून ख्रिस्ती लोकांच्या गळ्यात रविवार मारला तो रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने. नाही पटत. इ.स. 150 च्या आसपास रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहितो की रविवारी शहरातले, खेड्यातले सगळे एकत्र जमतात. प्रेषितांच्या आठवणी, संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, मग भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस. गोळा झालेले पैसे विधवा-अनाथांना. म्हणजे उपासनेचा वार आधीच रुळला होता. कॉन्स्टंटाइनच्या 321 च्या राजाज्ञेने दिली ती सुट्टी, तीही शहरापुरती: न्यायालयं, कारखाने बंद. शेतकऱ्याला मुभा, पेरणीचा वाफसा हुकू नये म्हणून!

शनिवारही लगेच सुटला नाही. चौथ्या शतकात लाओदिकियाच्या (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) चर्च-परिषदेला 'शनिवारी काम थांबवू नका' असा नियम करावा लागला. कुणी पाळतच नसतं तर कशाला केला असता? इथिओपियात तर 1450 मध्ये सम्राट झरा याकोबच्या काळात दोन्ही वार पाळायचे ठरले. लांब कशाला, पुण्यात स्पायसर विद्यापीठाची अ‍ॅडव्हेंटिस्ट (शनिवार पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाची) मंडळी आजही शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळतात.