कबड्डीच्या पोरांना रग्बी लीग शिकवायचं आहे, नागपुरात सुरुवात कशी करावी?

पीटी_हुडकेश्वर

नमस्कार मंडळी. शाळेत सातवी ते नववीची ३० मुलं-मुली आहेत, बहुतेक सगळी कबड्डीची. त्यांना रग्बी लीग शिकवायचं आहे. लीग मुद्दाम म्हणतो, रग्बीचे युनियन आणि लीग असे दोन वेगळे खेळ आहेत. १५ जणांच्या युनियनमध्ये रक, मॉल, लाइनआउट असले चेंडू मिळवायचे किचकट प्रकार समजावण्यातच वर्ष निघून जातं. लीगमध्ये १३ जण, सहा टॅकल (चेंडूवाल्याच्या पकडी), आणि टॅकल झाला की उठायचं, चेंडू पायाने मागे सरकवायचा, पुन्हा चाल. कबड्डीच्या पोराला हे लवकर पटेल असं वाटतं.

हाताशी आहे ते असं: मुरमाचं मैदान, कबड्डीच्या मॅट, आठवड्यात दोन सकाळी प्रत्येकी ४५ मिनिटं. पैसा फारसा नाही. टॅकल पहिल्या दिवसापासून घ्यावा का? सामान किती लागेल? आपल्याकडच्या हवेत कोणते महिने धरायचे? आणि इथे लीग कोणी खेळत नाही, तर पालकांना काय सांगायचं?

---

फक्की_आणि_शिट्टी

सर, मुरमावर टॅकल अजिबात नको. गुडघे-कोपरं सोलून निघतात, जखमेत खडी अडकते आणि दुसऱ्याच आठवड्यात अर्धी पोरं घरी बसतात. पहिले आठ आठवडे फक्त टॅग. नियम लीगचेच ठेवा, पकडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायची एवढाच फरक.

मैदान ६० बाय ४० मीटर, दोन्ही टोकांना ट्राय लाइनच्या (जिच्यावर किंवा पलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, म्हणजे गुण मिळतात ती रेषा) मागे ५ मीटर. बाजूला भिंत किंवा खांब असेल तर ३ मीटर जागा मोकळी सोडाच. कोपरा काटकोनात यावा म्हणून १२ मीटरची दोरी घ्या, ३ आणि ७ मीटरवर गाठ मारा, टोकं जुळवून त्रिकोण ताणा. चारही कोपरे झाले की कर्ण मोजा, दोन्ही ७२.१ मीटर भरले तर आखणी बरोबर. फक्की मात्र खडूच्या भुकटीची मारा. आपल्याकडे सवयीने विरी गेलेल्या चुन्याची मारतात. कबड्डीत रेषेवर पाय पडतो, इथे तोंड पडतं. ओला चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. भुकटी मिळाली नाही तर कोन ठेवा, नाहीतर पाण्याच्या बाटल्यांत रेती भरून ठेवा.

टॅगच्या पट्ट्या विकत घ्यायची गरज नाही. इतवारीत नायलॉनची पट्टी, रेक्झिन आणि वेल्क्रो मिळून जातं, शिंपी दोन दिवसांत शिवून देतो. टॅग सव्वा फूट लांब, दोन इंच रुंद, एका खेळाडूला दोन, दोन्ही कुल्ल्यांवर एकेक. वेल्क्रोची मऊ बाजू पट्ट्यावर आणि खरखरीत टॅगवर लावा, उलटं केलं तर टी-शर्टचे धागे त्यात अडकतात. खरखरीत बाजूत माती भरली की टॅग आपोआप गळायला लागतो, जुन्या टूथब्रशने घासून घ्या. पोरं पट्टा सैल झाला म्हणून टॅगलाच गाठ मारतात, ते खेळ सुरू होण्याआधी तपासा. शर्ट खोचलेला हवाच, नाहीतर टॅग झाकला जातो आणि भांडण ठरलेलं.

३० जणांना ८ चेंडू पुरतात, ५ असले तरी चालवता येतं. या वयाला साईज ४ चा घ्या, ५ चा नको. हात लहान असेल तर मूल चेंडू छातीशी कवटाळतं आणि पास द्यायला शिकतच नाही. आपल्या देशातच, जालंधरला, रग्बीचे चेंडू बनतात, तेव्हा बाहेरून मागवायची गरज नाही. हवा सावलीत तपासा. उन्हात पडलेला चेंडू टणक होतो, हातातून उसळतो आणि दोष पोरांच्या पकडीला लागतो.

आता खरा जीव कशात आहे तर प्ले-द-बॉलमध्ये, म्हणजे टॅकलनंतर चेंडू पायाने मागे सरकवण्यात. तो नीट बसला नाही तर लीगचा खेळच उभा राहत नाही. टॅग गेला त्याच जागी यायचं, समोरच्यांच्या ट्राय लाइनकडे तोंड करून सरळ उभं राहायचं, चेंडू पुढच्या पायासमोर जमिनीवर ठेवायचा आणि तळव्याने मागे लोटायचा. मागे तो चेंडू उचलणारा डमी हाफ, समोर बचावाचा एक मार्कर, बाकीचा बचाव ५ मीटर मागे. मोठ्यांत हे अंतर १० मीटर असतं, लहानांना ५ पुरे. चुका ठरलेल्या: पाय न लावता चेंडू नुसता मागे टाकणं, दोन पावलं चोरून पुढे येणं, तिरकं उभं राहणं. चार-चारचे गट करा, पाच मिनिटांत प्रत्येकाचे २० प्ले-द-बॉल झाले पाहिजेत. दर सरावाला. कंटाळा आला तरी.

पासची अडचण वेगळी. आपली पोरं हँडबॉलसारखा एका हाताने पुढे फेकतात. चौघांना तिरक्या ओळीत, तीन-तीन मीटरवर उभं करा आणि घेणाऱ्याला सांगा, ‘चेंडू सुटेपर्यंत देणाऱ्याच्या मागे राहा.’ फॉरवर्ड पास, म्हणजे पुढे दिलेला नियमबाह्य पास, बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या घाईमुळे होतो. देणाऱ्याला रागावून उपयोग नाही.

आणि शिट्टी पहिल्या दिवसापासून एका मुलीच्या किंवा मुलाच्या हातात द्या. टॅकल मोठ्याने मोजायचे, ‘एक, दोन, तीन’ असं सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतकं. पाचव्याला हात वर. सहाव्यानंतर चेंडू समोरच्यांचा. खेळाडू सहज मिळतात, रेफरी नसतो म्हणून सामने बंद पडतात.

---

डावा_कोपरा

वरच्या भाऊंनी मैदानाचं सगळं सांगितलं, मी फक्त पकडीबद्दल लिहितो. कबड्डीचं पोट्टं धाडसी असतं, खाली वाकायला घाबरत नाही, ही आपली मोठी जमेची बाजू. पण चार सवयी मोडाव्या लागतात, आणि त्या मोडल्याशिवाय टॅकल सुरू करू नका.

पहिली, डॅश. कबड्डीत खांद्याने धडक देऊन रेडरला कोर्टाबाहेर काढलं की टाळ्या पडतात. लीगमध्ये हात न आवळता मारलेली धडक नियमबाह्य आहे. दुसरी, घोट्यावर झेप. कबड्डीत रेडर बहुतेक उभा किंवा मागे सरकत असतो. इथे तो पूर्ण वेगात अंगावर येतो, घोट्यावर झेपलात तर डोकं सरळ गुडघ्यावर आदळतं. तिसरी, सोडायचं नाही ही जिद्द. कबड्डीत पंचाची शिट्टी वाजेपर्यंत धरून ठेवणं हेच कौशल्य. लीगमध्ये टॅकल पूर्ण झाला की लगेच सोडून उठायचं, नाहीतर पेनल्टी.

चौथी सगळ्यात अवघड. रेडर पकडला गेला तरी शेवटच्या श्वासापर्यंत हात मध्यरेषेकडे ताणतो, त्याच्या रक्तातच ते असतं. लीगमध्ये चेंडू धरलेला हात जमिनीला टेकला आणि विरोधकाने धरून ठेवलंय, तर टॅकल झाला. त्यानंतर हात ताणून ट्राय लाइनवर चेंडू टेकवला तर ट्राय मिळत नाही, उलट पेनल्टी जाते. याला डबल मूव्हमेंट म्हणतात. चांगल्या रेडरकडूनच ही चूक होते. मॅटवर एक रेषा आखा, तिच्या अर्धा मीटर अलीकडे पोराला पाडा आणि वीस वेळा करून घ्या: पडला, थांबला, उठला, चेंडू मागे.

टॅकल शिकवताना मॅट ६ बाय ६ मीटर अंथरा, सांधे टेपने बंद करा, त्यात अंगठा अडकून मुरगळतो. आधी दोघंही गुडघ्यावर. मग पकडणारा गुडघ्यावर आणि दुसरा चालत. मग दोघं चालत, मग हलकं धावत. प्रत्येक पायरीला निदान दोन सराव द्या. गाल समोरच्याच्या मांडीला बाजूने चिकटलेला, डोकं मागच्या बाजूला, दोन्ही हात मांड्यांभोवती आवळलेले, पाय चालते. डोकं पुढच्या बाजूला गेलं तर पडणाऱ्याचं सगळं वजन मानेवर येतं. मी तर म्हणेन, डोक्याची जागा चुकली की शिट्टी मारा, पकड कितीही जबरदस्त असो. दोघांनी उभा धरलेल्या खेळाडूच्या गुडघ्यावर तिसऱ्याने घुसणंही पहिल्या दिवसापासून बंद. साखळी करून पकडायची सवय असल्यामुळे आपली पोट्टी ते नकळत करतात.

जोड्या वजनाने लावा, वर्गाने नाही. पाच किलोपेक्षा जास्त फरक नको. नखं कापलेली, मुलींच्या बांगड्या-कानातले काढलेले, माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवलेला. डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी परत मैदानात नाही, आणि पुढे डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय नाही. यात पोराचं ‘सर, मी ठीक आहे’ ऐकू नका.

---

पीटी_हुडकेश्वर

फार मोलाचं लिहिलंत दोघांनी. डबल मूव्हमेंटचं तर डोक्यातच नव्हतं. महिने आणि पालक हे दोन प्रश्न राहिले. आणि एक ३० जणांची टीम तयार झाली की पुढे काय?

---

रेशीमबाग_सकाळी_सहा

सर, शेवटचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला, तो पहिला आहे. एक टीम बनवू नका, दुसरी टीम आधी शोधा. पारंपरिक प्रदेशाबाहेर लीग मरते ती बहुतेक याच कारणाने: शेजारी खेळायला कोणी नसतं.

कॅनडाचा टोरांटो वुल्फपॅक हा क्लब बघा. २०१७ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या स्तरावर सुरुवात, २०२० मध्ये थेट सुपर लीग म्हणजे सगळ्यात वरचा स्तर, आणि त्याच हंगामात माघार. करोनाने घाव घातला हे खरं, पण खेळाडू बाहेरून आणलेले आणि आसपास तोडीचा क्लब नाही, मग आधार कशाचा राहणार? याउलट फ्रान्समधल्या पर्पिन्यांचा कॅटलन्स ड्रॅगन्स क्लब २००६ मध्ये सुपर लीगमध्ये आला आणि २०१८ मध्ये चॅलेंज कप हा बाद फेरीचा मोठा चषक जिंकला. दक्षिण फ्रान्समध्ये १९३४ पासून गावोगावी लीग खेळली जात होती. १९४१ मध्ये तिथल्या नाझीधार्जिण्या विशी सरकारने तिच्यावर बंदी घातली, तरी ती पुन्हा उभी राहिली, कारण शेजारच्या गावात टीम होती.

म्हणून पाच किलोमीटरच्या आतल्या तीन शाळा किंवा कबड्डी मंडळं गाठा. त्यांना तुमच्याकडचे दहा-दहा टॅग पट्टे आणि एकेक चेंडू द्या, द्यायचे म्हणजे कायमचे द्या. मग महिन्यातून दोन रविवारी चारही टीम एकाच मैदानावर. सात-सात जण, १० मिनिटांचे दोन भाग. चार टीमचे सहा सामने होतात. मध्यंतर आणि अदलाबदल धरून एका सामन्याला २७ मिनिटं, म्हणजे एकूण पावणेतीन तासांच्या आत. पावणेसातला सुरू केलं तर साडेनऊला ऊन चढायच्या आत पोरं घरी. प्रत्येक टीमला तीन सामने मिळतात, हरलेल्यालाही. बाद फेरी ठेवू नका. नवीन टीम एक सामना हरून घरी गेली तर पुढच्या रविवारी येत नाही.

महिने: शाळा जूनअखेर उघडते. जुलै-ऑगस्टमध्ये काळी माती असेल तर मैदान विसरा. पावसानंतर दोन-तीन दिवस चिखल बुटाला किलोकिलोने चिकटतो, घोटे मुरगळतात. तेव्हा मॅटवर पकड आणि व्हरांड्यात प्ले-द-बॉल. तुमच्या मुरमावर पाणी लवकर निचरतं, तिथे उघडीप मिळाली की टॅग चालेल. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गवत असलेलं मैदान महिन्यातून दोनदा मिळवता आलं तर टॅकलचे सामने याच काळात तिथे घ्या. फेब्रुवारीच्या शेवटी काळ्या मातीला भेगा पडू लागतात. भेगेत बोट गेलं की त्या मैदानावर खेळ बंद. मार्चनंतर परीक्षा आणि ऊन, दोन्ही कारणांनी थांबा. ऑक्टोबरमध्येही दर १५ मिनिटांनी पाणी, आणि ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवा. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून देणं चुकीचं आहे.

पालकांशी सरळ बोला. आपल्या देशात मान्यताप्राप्त संघटनेचं रग्बी म्हणजे युनियन, प्रामुख्याने सात जणांचं, जे २०१६ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे. दहावीचे क्रीडा गुण आणि नोकरीतलं खेळाडू आरक्षण मान्यता असलेल्या खेळातूनच मिळतं. लीगमधून मिळेल असं एकाही घरी सांगू नका, एका खोट्या आश्वासनाने सगळी वस्ती तुटते. पण पळत पास देणं, अंगावर आलेल्याला पकडणं, रिकामी जागा हेरणं हे सगळं सात जणांच्या रग्बीत जसंच्या तसं कामी येतं. ज्याला पुढे जायचं त्याला तिकडे पाठवा, मनाने पाठवा.

आणि फी ठेवू नका. हा खेळ १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला युनियनपासून वेगळा झाला तोच मजुरीवरून. गिरणी-खाणीतल्या कामगारांचा खेळण्यापायी रोज बुडत होता, त्याची भरपाई द्यायची की नाही यावरून उत्तर इंग्लंडचे क्लब बाहेर पडले. तुमच्याकडेही रविवारी सकाळी भाजीच्या गाडीवर हात लावणारा पोरगा असेल. त्याचा सामना आधी लावा, पावणेसातचा, म्हणजे तो साडेसातला मोकळा होईल. बाकीच्या दोन सामन्यांत त्याच्या जागी राखीव खेळाडू, सातच्या टीमला दहा जण धरायचे ते याचसाठी.

चार टीमची नावं जमली की इथे कळवा. रेफरीसाठी दोन रविवार मी मैदानावर येतो.